कढीपत्त्याच्या कुंडीवर मॅक्रो शिका (सेटिंग्जसकट)

मॅक्रो, म्हणजे बारीक गोष्टींचे अगदी जवळून काढलेले फोटो, म्हटलं की लोक लगेच बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जायचे बेत करतात, माझं म्हणणं आधी खिडकीच्या ग्रिलमधली कढीपत्त्याची कुंडी बघा. कॉमन मॉर्मन फुलपाखरू त्यावर अंडी घालतं, अळी लहान असताना अगदी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते म्हणून कुणाचं लक्षच जात नाही, नंतर हिरवी होते, आणि बराच वेळ एका जागी बसून असते. नवशिक्याला अजून काय पाहिजे! फक्त आईने फोडणीसाठी फांदी तोडायच्या आत उरकून घ्या.

पहिलं अपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; एफचा आकडा जितका मोठा तितकं भोक बारीक आणि शार्प भाग जास्त), कारण सगळे इथेच फसतात. मी पण फसलो. पोर्ट्रेटची सवय, बॅकग्राउंड ब्लर पाहिजे म्हणून एफ २.८ ला ढीगभर फोटो मारले आणि लॅपटॉपवर बघतो तर डोक्यावरची एक रेघ शार्प, बाकीची अळी म्हणजे नुसता हिरवा धूर. अहो इतक्या जवळून बॅकग्राउंड आपोआपच उडतं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. १:१ ला, म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर उमटते तेव्हा, फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) एफ ८ ठेवूनसुद्धा जेमतेम १ मिलीमीटर शार्प मिळतं. तांदळाच्या दाण्याची जाडीपण नाही! म्हणून एफ ८ ते एफ ११ वर सुरुवात करा, एफ १६ च्या पुढे सहसा नको, तिथे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळंच मऊ पडायला लागतं. आणि अळी आडवी बसली असेल तर कॅमेरा तिला समांतर धरा, सेटिंग न बदलता अर्धी अळी जास्त शार्प येते.

आता उजेडाची बोंब. १:१ ला जवळजवळ २ स्टॉप उजेड (म्हणजे चारातले तीन भाग) असाच जातो, त्यात अपर्चर बारीक केलेलं, त्यात पावसाळी आभाळ. शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) कॅमेरा हातात धरून १/२०० सेकंदापेक्षा हळू नको, पान हलत असेल तर अजून वेगवान. आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून दाखवतो ते) ऑटो करून ३२०० वर लिमिट लावा, थोडा नॉइज (दाणेदारपणा) चालतो, हललेला फोटो दुरुस्त होत नाही. फ्लॅश असेल तर मॅन्युअल मोड, १/२००, एफ ११, आयएसओ २००, आणि फ्लॅश कमी पॉवरवर. तसा त्याचा झोत इतका क्षणभर पडतो की हात थोडा हलला तरी कळत नाही. फक्त नुसता फ्लॅश मारू नका, अळी तेलकट चमकते. दुधाची पांढरी पिशवी धुऊन, कापून पुढे लावा, माझा डिफ्यूझर (झोत मऊ करणारा पडदा) अजून तोच आहे.

ऑटोफोकस बंद करा, ते पुढेमागे घरघरत बसतं. फोकस रिंग एका जागी ठेवायची, कोपर ग्रिलला टेकवायचं आणि स्वतःच केसभर पुढे-मागे व्हायचं, डोकं शार्प दिसलं की चारपाच फोटो सलग. आणि हो, पंखा बंद! मी अर्धा तास सेटिंग्ज बदलत बसलो होतो, पान हलत होतं घरातल्या पंख्याने.

पांढरा मोगरा असेल तर कॅमेरा तो राखाडी करून टाकतो, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ-गडद यायचा ते सांगणारं सेटिंग) +०.७ किंवा +१ द्या. काळा भुंगा असेल तर उलटं.

मॅक्रो लेन्स नाही? ५० एमएमच्या लेन्सला ३६ एमएमची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावा, १:१ च्या पाऊणपटीच्या आसपास जाता येतं. फक्त कॉन्टॅक्टवालीच (लेन्स आणि कॅमेऱ्याची विजेची जोडणी असलेली) घ्या, साध्या ट्यूबमध्ये बऱ्याच लेन्सचं अपर्चर कॅमेऱ्यातून बदलताच येत नाही.

अळीला टोचू नका. चिडली की डोक्यामागून लालसर दुफाटा शिंग काढते आणि उग्र वास सोडते, फोटो भारी येतो हे खरं, पण नंतर ती खायची थांबते आणि आपल्यालाही वाईट वाटतं.

पावसाळ्यात एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट खिडकीत नेलात तर लेन्सवर वाफ धरते, वीसेक मिनिटं बॅगेतच राहू द्या, आणि काम झालं की सिलिका जेल टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर गणपतीपर्यंत लेन्सला बुरशी आलीच म्हणून समजा.