पाटावरची इस्त्री आणि उलटा निघालेला बोर्ड

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी मी घरी पहिला सर्किट बोर्ड केला, ५५५ टायमर या छोट्या चिपवर एलईडी लुकलुकवणारा. पद्धत अशी: डिझाइन कागदावर छापायचं, इस्त्रीने तांब्यावर उतरवायचं आणि उरलेलं तांबं रसायनाने काढून टाकायचं. ट्रॅक, म्हणजे वीज नेणाऱ्या तांब्याच्या रेघा, सुरेख उमटले, पण आयसी (तीच चिप) बसवायला गेलो तर एक नंबरच्या पिनच्या जागी आठ नंबरची! रबरी शिक्क्यासारखा छापाही उलटाच हवा, असं समजून मी प्रिंट काढताना मिरर केलं होतं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बोर्डाचा खालचा, तांब्याचा थर आपल्याला वरून, आरपार पाहिल्यासारखा दिसतो. तो तसाच छापायचा. कागद तांब्यावर पालथा घातला की आपोआप सुलटतो. तेव्हापासून मी त्या थरात कोपऱ्यात नाव टाकतो. कागदावर ते उलटं दिसलं, म्हणजे तांब्यावर सुलटं येणार. (तो पहिला बोर्ड फेकला नाही. आयसी तांब्याच्या बाजूनेच बसवून कसाबसा सोल्डर केला. चालला.)

प्रिंट लेझर प्रिंटरचीच हवी, किंवा झेरॉक्सची. इंकजेटची शाई इथे कामाची नाही. टोनर म्हणजे मुळात प्लॅस्टिकची भुकटी. उष्णतेने ती वितळून तांब्याला चिकटते आणि नंतर तांबं विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराईडपासून खालचं तांबं वाचवते. कागद ग्लॉसी घ्या, टोनर वाचवायची सेटिंग बंद ठेवा. सुरुवातीला ट्रॅक एक मिलिमीटर रुंद असू द्या.

खरी मेहनत इस्त्रीच्या आधीची. कॉपर क्लॅड, म्हणजे तांब्याचा थर असलेला कोरा बोर्ड, भांड्यांच्या तारेच्या घासणीने गुलाबी चमक येईपर्यंत घासा, नेलपॉलिश रिमूव्हरने पुसा आणि मग त्यावर बोट लावू नका. माझे निम्मे बोर्ड बोटांच्या तेलानेच घालवले.

इस्त्री गादीवर नको, लाकडी पाटावर करा. कॉटनवर ठेवा, वाफ बंद. वर एक साधा कागद घ्या, नाहीतर ग्लॉसी कागदाचा लेप इस्त्रीला चिकटतो आणि पुढच्या साडीवर उतरतो. (आमच्या घरी उतरला आहे.) तीन-चार मिनिटं नेटाने दाबायचं, कडांवर जरा जास्त. घासत फिरवलंत तर टोनर पसरून शेजारचे ट्रॅक जुळतात.

मग थांबा. कागद सोलून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो. बोर्ड कोमट झाला की वीसेक मिनिटं पाण्यात बुडवा, कागदाचा लगदा अंगठ्याने चोळून काढा. तुटलेल्या रेघा परमनंट मार्करने जोडा.

मग उघडं तांबं विरघळेपर्यंत बोर्ड फेरिक क्लोराईडच्या द्रावणात ठेवा. द्रावण प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये करा. स्टीलचं भांडं ते खातं. पाण्यात पावडर टाका, पावडरवर पाणी नाही, कारण ते चांगलंच तापतं. हातमोजे आणि चष्मा घाला, खिडकी उघडी ठेवा. ट्रे हलवत राहिलात तर काम लवकर होतं. वापरलेल्या द्रावणात तांबं उतरलेलं असतं, म्हणून ते मोरीत ओतायचं नाही. माझ्याकडे त्याची नाव लिहिलेली बाटली आहे, माळ्यावर. फरशीवरचा पिवळा डाग मात्र अजून तसाच आहे, आणि दिवाळीच्या साफसफाईत त्याचा विषय दरवर्षी निघतो.