पाइपातला पाइप: रायझर मॉडेलिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

हिंजवडीत बसून खोल समुद्रातल्या रायझरचं, म्हणजे समुद्रतळावरून तेल वर आणणाऱ्या पाइपचं, कॉम्प्युटर मॉडेल बनवायचं काम करता येतं, आणि मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांना ते जमतं. हे आधीच सांगतो, कारण पहिले काही महिने तुमची खात्री उलटीच होत जाणार आहे. माझी झाली होती, आणि त्या दिवसांची धास्ती अजून पुरती गेलेली नाही. बीमचं वाकणं, द्रवाचा दाब आणि थोडं व्हायब्रेशन पक्कं असेल तर बाकीचं शिकता येतं.

काही रायझर एका पाइपात दुसरा पाइप घालून बनवतात. दोन पाइप कशाला? आतून गरम तेल, मधल्या कोरड्या जागेत इन्सुलेशन, म्हणजे तेल थंड होऊन त्यात मेण आणि हायड्रेट (पाणी आणि वायूचे बर्फासारखे खडे) धरत नाहीत. मॉडेलची सगळी मेख त्या कोरड्या जागेतच आहे आणि माझा सर्वात जास्त वेळ तिथेच गेला.

एक लाइन (मॉडेलमधला पाइप) दुसरीच्या आत आहे हे तुम्ही सांगितल्याशिवाय मॉडेलिंगच्या प्रोग्रामला कळत नाही. तो आतल्या पाइपलाही समुद्रात बुडवतो. 219.1 मिमी व्यासाचा, 12.7 मिमी जाडीचा पाइप घ्या. स्टीलचं वजन मीटरला साधारण 65 किलो. बाहेर समुद्राचं पाणी धरलं तर उत्प्लावन मीटरला 39 किलो. निम्म्याहून जास्त वजन गायब! एरर येत नाही, अॅनिमेशन छान हलतं, आणि रिपोर्ट पुढे जातो.

वजन सुधारलं तरी दाब उरतोच. प्रोग्राम आधी दाखवतो ते इफेक्टिव्ह टेन्शन, म्हणजे आतल्या-बाहेरच्या दाबाचा परिणाम धरून काढलेली ओढ. पाइपच्या स्टीलच्या भिंतीतलं टेन्शन हवं तर त्यात आतला दाब गुणिले आतलं क्षेत्रफळ मिळवायचं आणि बाहेरचा दाब गुणिले बाहेरचं क्षेत्रफळ वजा करायचं. आतल्या पाइपसाठी ‘बाहेर’ म्हणजे ती कोरडी जागा, समुद्र नव्हे. 1000 मीटरवर समुद्राचा दाब सुमारे 100 बार असतो. तो चुकून धरला तर याच पाइपवर 38 टनांचा फरक पडतो. हे गणित एकदा स्वतः वहीत करा, नुसतं वाचून सोडू नका.

पडताळणी सोपी आहे. स्थिर अवस्थेत वरच्या टोकाच्या इफेक्टिव्ह टेन्शनचा उभा घटक लोंबत्या लांबीच्या पाण्यातल्या वजनाइतका यायला हवा. येत नसेल तर लाटांचा एकही रन लावू नका.

जुन्या प्रोजेक्टची फाइल कॉपी करून आकडे बदलायची सवय मला अजिबात पटत नाही. त्यात दुसऱ्याची गृहीतकं गुपचूप येतात. सीनियर निवडायची संधी मिळाली तर भराभर बटणं दाबणाऱ्यापेक्षा ‘हातानं किती आलं?’ असं विचारणारा निवडा. सुरुवातीला त्याचा राग येईल, येऊ द्या.

तापमान विसरू नका. आतला पाइप गरम होऊन लांबू बघतो, बाहेरचा थंड पाण्यात असतो आणि बल्कहेड (दोन्ही पाइपांना जोडणारा जाड तुकडा) दोघांना बांधून ठेवतं. 70 अंशांची वाढ पूर्णपणे अडवली तर सुमारे 170 मेगापास्कलचा दाबताण येतो. दोन्ही पाइपांची ताठरता एकत्र करून केलेलं एकाच पाइपचं मॉडेल एकूण हालचालीसाठी चालतं, पण हा ताण त्यात आपोआप दिसत नाही. तो वेगळा काढावा लागतो.

फटीगचं, म्हणजे वारंवार वाकून स्टील किती थकतं ते काढायचं, काम पहिल्याच वर्षी अंगावर आलं तर घाबरू नका. टचडाउनजवळचे (रायझर समुद्रतळाला टेकतो तिथले) सेगमेंट, म्हणजे मॉडेलमधले पाइपचे तुकडे, निम्म्या लांबीचे करून रन पुन्हा लावा. डॅमेजचा आकडा हलला तर ते आणखी बारीक करा, आणि तो थांबेपर्यंत कुणालाही आयुष्याचा आकडा सांगू नका.