आवर्तसारणी वाचताना या चुका टाळा

मूलद्रव्याच्या चौकटीत अणुअंक (प्रोटॉनची संख्या) आणि अणुवस्तुमान असे दोन आकडे दिसले की कोणता काय सांगतो हे न बघताच मुलं न्यूट्रॉन काढायला वजाबाकीला लागतात. "वरचा तो अणुअंक" एवढंच पाठ असतं. काही तक्त्यांत अणुअंक खाली छापलेला असतो, तिथे सगळंच उलटं होतं. मी शेजारची चौकट बघतो. बरोबर एकाने वाढतो तो अणुअंक. "दशांश चिन्ह असेल ते वस्तुमान" हा शॉर्टकटही पोलोनियमपाशी आपटतो. त्याचा एकही समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा, पण न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेला अणू) स्थिर नाही, म्हणून तिथे कंसात 209 असा पूर्णांक असतो.

पण मला खरा वैताग आणला तो ब्रोमीनने. एका मुलाने फळ्यावर 79.90 चे 80 केले, त्यातून अणुअंक 35 वजा केला आणि 45 न्यूट्रॉन लिहून ऐटीत खडू ठेवला. बाकीच्यांनी वहीत उतरवूनही घेतलं.

"निसर्गात असा अणू दाखव," मी म्हटलं.

"सर, वजाबाकी तर बरोबर आहे!"

होतीच. पण निसर्गातल्या ब्रोमीनचे समस्थानिक दोन, वस्तुमानांक 79 आणि 81, जवळजवळ निम्मे-निम्मे. म्हणजे न्यूट्रॉन 44 किंवा 46. सारणीतला आकडा त्यांची सरासरी आहे. 45 न्यूट्रॉनवाला अणू किरणोत्सारी, तो टिकत नाही. तांब्याच्या 63.55 चीही हीच गत: अणू 63 चे आणि 65 चे, मुलं मात्र 64 धरतात. सोडियम, फ्लुओरिन, ॲल्युमिनियम यांचा स्थिर समस्थानिक एकेकच, तिथे ही युक्ती चालून जाते आणि अंगवळणी पडते. न्यूट्रॉन काढायला सांगितले की मी आधी विचारतो, कुठल्या समस्थानिकाचे? ते दिलं नसेल तर पेन खाली.

अर्गॉन (39.95) पोटॅशियमच्या (39.10) आधी का, असं विचारून छपाईला दोष देऊ नका. 1913 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मोझलीच्या प्रयोगांनंतर क्रम अणुअंकाचा, वस्तुमानाचा नाही.

हेलियमच्या बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन लिहू नका, त्याच्याकडे एकूणच दोन आहेत.

आवर्तात, म्हणजे आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे अणू साधारणपणे लहान होत जातो. इलेक्ट्रॉन वाढले म्हणून फुगत नाही, केंद्रकाची ओढही वाढते.

पहिली वीस नावं चालीवर म्हणणाऱ्याला विचारा, ऑक्सिजनच्या खाली कोण? गप्प. आडवं घोकलं, उभं वाचलंच नाही. लिथियम, सोडियम, पोटॅशियम असे गण, म्हणजे उभे स्तंभ, आधी बघा, चाली नंतर.

आणि काही तक्त्यांत 57 नंतर एकदम 72 दिसतो. मधले चौदा हरवलेले नाहीत, जागा वाचवायला खालच्या ओळीत नेलेत.