घरी एकट्याने काम करणाऱ्या काळजीवाहकाला कसे तयार करावे

रुग्णालयात नवीन माणूस अडला तर दोन पावलांवर नर्स असते. घरी तसे नसते. आजोबांना खुर्चीत बसवताना त्यांचे पाय लटपटले, तर त्या क्षणी काय करायचे हे काळजीवाहकाला एकट्यानेच ठरवावे लागते. म्हणून काळजीवाहकाला शिकवून घरी पाठवणाऱ्याने प्रशिक्षण दोन कसोट्यांवर पाहावे: काम हाताला बसले आहे का, आणि कुठे थांबून फोन करायचा हे पक्के ठाऊक आहे का. दुसऱ्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होते आणि गंभीर प्रसंग बहुधा तिथेच ओढवतात.

आधी एक पान

कामाला पाठवण्यापूर्वी रुग्णाविषयीची माहिती एका पानावर लिहून द्या. त्या पानावर हे असावे: कोणती बाजू अशक्त, गिळायला त्रास आहे का, कोणती अॅलर्जी, ऐकू कितपत येते, आंघोळ कधी आवडते, कोणत्या नावाने हाक मारलेली चालते, आणि औषधोपचाराचे निर्णय घरात कोण घेते. कामांची यादीही इथेच लिहा. रुग्णाचे जेवण, कपडे, खोलीची स्वच्छता ही काळजीवाहकाची कामे आहेत. सगळ्या घराचा स्वयंपाक आणि धुणेभांडी नाहीत. हे पहिल्या दिवशी कुटुंबासमोर वाचून दाखवले नाही, तर महिन्याभरात काम हळूहळू वाढत जाते आणि रुग्णाची कूस बदलायची वेळ ओट्यापाशी निघून जाते.

शिकवायची पद्धत

एक काम आधी न बोलता, नेहमीच्या वेगाने करून दाखवा. दुसऱ्यांदा प्रत्येक पायरीचे कारण सांगत करा. तिसऱ्यांदा शिकणाऱ्याने पायऱ्या सांगायच्या आणि तुम्ही तशाच करायच्या. चौथ्यांदा त्यांनी स्वतः करायचे. ‘समजलं का?’ असे विचारू नका, त्यावर सगळेच मान हलवतात. ‘आता करून दाखवा, आणि असंच का करायचं ते सांगा,’ असे म्हणा.

शिकणाऱ्याला रुग्णाच्या जागीही ठेवा. त्यांना पलंगावर वीस मिनिटे हालचाल न करता पडू द्या. दुसऱ्या कोणाकडून चमच्याने भरवून घ्यायला सांगा. आधीचा घास गिळायच्या आत पुढचा चमचा ओठाला टेकला की कसे वाटते, हे एकदा अनुभवलेला माणूस भरवताना घाई करत नाही.

पलंगावरून व्हीलचेअरवर

यावर सर्वात जास्त वेळ द्या. रुग्ण पडतो तो इथे आणि काळजीवाहकाची कंबर जाते तीही इथेच.

1. खुर्ची रुग्णाच्या सशक्त बाजूला, पलंगाशी 30 ते 45 अंशांच्या कोनात लावा. दोन्ही ब्रेक लावा, फुटरेस्ट बाजूला करा.
2. रुग्णाला कुशीवर वळवून पाय खाली सोडा आणि बसवा. एक-दोन मिनिटे तसेच बसू द्या. आडवे असताना आणि बसल्यावर रक्तदाबात फरक पडतो. लगेच उभे केले तर चक्कर येते.
3. न घसरणारी पादत्राणे घाला. दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे.
4. कमरेला रुंद आधारपट्टा बांधून तोच धरा. काखेत हात घालून उचलू नका. पक्षाघातानंतर सैल पडलेला खांद्याचा सांधा अशा ओढण्याने निखळू शकतो.
5. रुग्णाला पुढे झुकायला सांगा, नाक पावलांच्या पुढे येईपर्यंत. ‘एक, दोन, तीन’ म्हणून उठवा. कंबरेत पीळ न घालता छोटी पावले टाकत वळा. खुर्ची पायांना मागून टेकली की सावकाश बसवा.

सर्वात नेहमीची चूक म्हणजे पाचव्या पायरीतले पुढे झुकणे गाळून रुग्णाला सरळ वर उचलणे. पुढे झुकल्यावर वजन आपोआप पायांवर येते. न झुकवता उचलले की ते सगळे काळजीवाहकाच्या पाठीवर पडते. दुसरी चूक म्हणजे रुग्णाला आपल्या मानेला धरू देणे.

रुग्ण पडायला लागलाच तर त्याला उभे धरून ठेवायचा प्रयत्न करू नये. त्याला जवळ घ्यावे, आपल्या पायाच्या आधाराने हळूहळू जमिनीवर बसू द्यावे आणि डोके सांभाळावे. हा सराव करून घ्याच. कारण ऐनवेळी धरून ठेवावेसेच वाटते आणि मग दोघेही पडतात. ज्याला दोन्ही पायांवर भार देता येत नाही, त्याला हलवणे हे एकट्याचे काम नाही. तिथे दोन माणसे किंवा उचलण्याचे यंत्र लागते, हे त्या पानावर स्पष्ट लिहा.

त्वचा

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. पूर्ण आडव्या कुशीवर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून 30 अंशांएवढेच कलते ठेवावे. पोटऱ्यांखाली उशी अशी द्यावी की टाचा अधांतरी राहतील. जेवणाची वेळ सोडून पलंगाची डोक्याकडची बाजू 30 अंशांहून वर नको. रुग्ण खाली घसरतो आणि माकडहाडाजवळची त्वचा आतून ताणली जाते.

रोज आंघोळीच्या वेळी माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरे, डोक्याची मागची बाजू आणि ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागची त्वचा पाहावी. लाल डागावर बोट दाबून सोडा. तो क्षणभर पांढरा झाला नाही, तर बेडसोअरची, म्हणजे सतत दाबाने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली आहे. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूने चाचपून आसपासच्यापेक्षा गरम, कडक किंवा सुजलेली जागा शोधायची. अशा जागेला मालिश करू नये, त्याने खालच्या पेशींना आणखी इजा होते. मधे भोक असलेल्या गोल उशाही नकोत. त्या कडेचा रक्तपुरवठा दाबतात.

दर दोन तासांनी कूस बदलायची असेल, तर रात्रीचा माणूस जागाच असायला हवा. दिवसभर राबलेल्या माणसाकडून ही अपेक्षा ठेवणे अन्याय आहे. एकतर रात्रपाळीला वेगळा माणूस द्या, किंवा हवेची गादी घेऊन किती अंतराने कूस बदलायची हे नर्सकडून ठरवून घ्या.

भरवणे आणि औषधे

भरवताना रुग्ण ताठ बसलेला हवा आणि जेवणानंतर निदान अर्धा तास तसाच राहायला हवा. चहाचा चमचा वापरावा, काळजीवाहकाने समोर बसावे, गळ्याची हालचाल पाहूनच पुढचा घास द्यावा. उभे राहून भरवले की रुग्णाची मान वर जाते आणि अन्न श्वासनलिकेत उतरण्याचा धोका वाढतो. खाताना खोकला येणे किंवा आवाज ओलसर, घुरघुरता होणे ही थांबण्याची खूण आहे. शेवटी गालात घास साठलेला नाही ना, ते पाहावे.

औषध दिल्यावरच नोंद करावी, आधी नाही. चुकलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट करू नये. गोळी कुटण्यापूर्वी फार्मासिस्टला विचारावे; हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता लटकवावी आणि दोन तृतीयांश भरण्यापूर्वी रिकामी करावी.

फोन कधी करायचा

ही यादी मोठ्या अक्षरांत पलंगाजवळ लावा.

तोंड वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे, श्वास लागणे, शुद्ध हरपणे, डोक्याला मार, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर: लगेच रुग्णवाहिका. पडल्यावर एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर उठवू नये, तिथेच पांघरूण घालून मदत बोलवावी.

ताप, अचानक आलेला मानसिक गोंधळ, न विरणारा लाल डाग, लघवी कमी किंवा गढूळ होणे, दोन वेळचे जेवण नाकारणे: त्याच दिवशी नर्सला कळवावे. वृद्धांमध्ये जंतुसंसर्ग कित्येकदा तापाआधी अशा गोंधळातूनच दिसतो.

मधुमेहाच्या रुग्णाची साखर 70 मिग्रॅ/डेसीलिटरच्या खाली आली आणि तो शुद्धीवर असेल, तर 15 ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये.

आता तुमची बाजू. तो फोन उचलला गेला पाहिजे, रात्री तीनलाही. ‘एवढ्यासाठी कशाला फोन केला?’ हे वाक्य एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी सकाळपर्यंत वाट पाहतो. कारण क्षुल्लक निघाले तरी आधी ‘बरं झालं कळवलंत’ म्हणा, मग समजावून सांगा.

नेमणुकीनंतर

पहिल्या पाळीत त्यांनी पाहायचे, दुसऱ्या पाळीत त्यांनी करायचे आणि तुम्ही पाहायचे, तिसरी पाळी त्यांची एकट्याची. पण मध्येच एकदा चक्कर टाका. प्रशिक्षणाच्या तासांचेही पैसे द्या. दर आठवड्याला कुटुंबासमोर नव्हे, एकांतात विचारा: झोप किती झाली, जेवायला वेळ मिळतो का, पाठ दुखते का, घरात कोणी वावगे बोलते किंवा वागते का. कोणी अंगचटीला आले तर रुग्ण सुरक्षित आहे एवढे पाहून खोलीबाहेर पडावे आणि फोन करावा, हे आधीच सांगून ठेवा. तक्रार आली की चौकशी होईपर्यंत त्यांना त्या घरी परत पाठवू नका.

रुग्ण वारला की दुसऱ्याच सकाळी नवे घर देऊ नका. वर्षभर ज्याला हाताने भरवले, त्याच्यासाठी रडायला वेळ लागतो. पगारी सुट्टी द्या आणि पुढचे काम कधी हवे हे त्यांनाच विचारा.

रुग्ण रुग्णालयातून घरी परतला की जुने पान फाडून नवे लिहा. औषधे बदललेली असतात, काल चालणारा माणूस आज उभाही राहू शकत नाही. त्याच दिवशी कोणीतरी जाऊन उठवण्या-बसवण्याच्या पायऱ्या नव्याने करून घ्याव्यात. जुन्या सवयीने केलेली पहिलीच उठबस सर्वात धोक्याची असते.