हिवाळ्यात नदीकाठी जिओकॅशिंग: पेन नको, पेन्सिल घ्या
जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा, म्हणजेच ‘कॅश’, जीपीएसच्या मदतीने शोधण्याचा खेळ. निघण्यापूर्वी आधी शोधून गेलेल्यांनी कॅशच्या ऑनलाइन पानावर लिहिलेल्या शेवटच्या चार-पाच नोंदी वाचा; नदीला पाणी चढलं असेल तर काठावरचा डबा बुडालेला किंवा वाहून गेलेला असू शकतो. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून तो आतल्या खिशात ठेवा. जीपीएस यंत्रात अल्कलाइनऐवजी लिथियम सेल घाला. मोकळ्या आभाळाखाली जीपीएस साधारण ३ ते ५ मीटरपर्यंत नेतं, दाट झाडीत किंवा उंच दरडीशी १० मीटरही चुकतं. तेव्हा अंतराचा आकडा शून्याकडे आला की स्क्रीन विसरा आणि झाडांच्या मुळांतल्या पोकळ्या, मुद्दाम रचल्यासारखे वाटणारे दगड चाचपा. शोधणारे जिच्यात नाव लिहितात ती डब्यातली नोंदवही बहुतेकदा दमट असते, त्यावर पेन उठत नाही, पेन्सिल उठते. झाकणाच्या खाचेतली वाळू पुसूनच डबा लावा, नाहीतर फटीतून पाणी शिरतं.