ऑफिसचे कपडे कसे निवडावे: आरसा सोडा, आधी खुर्चीत बसून बघा

कपडे घेताना आपण ट्रायल रूममध्ये ताठ उभं राहतो, पोट आत घेतो आणि आरशाकडे बघून ठरवून टाकतो. कामावर असं कोण उभं राहतं? तिथे तासन्‌तास बसायचं, वाकायचं, धावपळ करायची. कपडा पारखायचा तो त्या कसोटीवर.

१. आधी विचारून घ्या. रुजू होण्यापूर्वी एचआरकडे ड्रेस कोडची चौकशी करा. ‘फॉर्मल की कॅज्युअल?’ असं मोघम विचारू नका. जीन्स चालते का, बिनकॉलरचा टी-शर्ट चालतो का, स्पोर्ट्स शूज चालतात का, असं एकेक नाव घेऊन विचारा. काहीच कळलं नाही तर पहिल्या दिवशी साधा शर्ट, गडद पँट आणि बंद बूट घाला.

२. कामातले धोके बघा. फिरत्या मशीनपाशी सैल बाह्या, टाय, अंगठ्या नकोत. आगीजवळचं काम असेल तर पॉलिएस्टर आणि नायलॉन टाळा. ते वितळून कातडीला चिकटतं. अशा ठिकाणी कंपनीने ठरवून दिलेलेच कपडे घालायचे, आवडीनिवडीचा प्रश्नच नाही.

३. फिटिंगला वेळ द्या. खरी मेख इथेच आहे. शर्टाच्या खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. वरचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं सहज जावीत. बाही मनगटाच्या हाडापर्यंत पोचावी. एवढं जमलं की खुर्चीत बसा. पोटावर बटणांमध्ये फट पडते का? पँट कंबरेत काचते का? दोन्ही हात वर करा, मग बुटाची नाडी बांधायला वाका. शर्ट बाहेर निघाला किंवा पाठ उघडी पडली तर तो कपडा दिवसभर तुम्हाला सतावणार. लांबी आणि कंबर शिंपी सहज नीट करून देतो. खांदा दुरुस्त करणं मात्र किचकट, म्हणून खांद्यात न बसणारा शर्ट कितीही आवडला तरी परत ठेवा.

४. कापड तपासा. कापडाचं टोक मुठीत दहा सेकंद घट्ट आवळून सोडा. घडी तशीच राहिली तर दुपारपर्यंत कपडा चुरगळलेला दिसेल. लिननचं तर हे ठरलेलंच. फिकट कापडाच्या आत हात घालून उजेडात धरा, म्हणजे ते किती पारदर्शक आहे ते दिसेल. रोज वापरायच्या कपड्यावर ‘फक्त ड्राय क्लीन’ लिहिलेलं असेल तर मी तरी तो घेणार नाही.

५. रंग. नेव्ही, राखाडी, पांढरा यांच्या जोड्या पटकन जुळतात. खूप घाम येत असेल तर फिकट राखाडी आणि आकाशी टाळा, डाग लगेच उठून दिसतात. व्हिडिओ मीटिंगला अगदी बारीक पट्टे नकोत, कॅमेऱ्यात ते लहरताना दिसतात.

६. बूट संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात, त्यामुळे सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावू शकतो. ऑफिसला घालाल तेच मोजे घालून बघा. नवे बूट आधी घरात थोडे वापरा, थेट इंटरव्ह्यूला घालून जाऊ नका.

एसीचा त्रास होत असेल तर कशावरही जाईल असं एक गडद जॅकेट ऑफिसातच ठेवून द्या. अधूनमधून ते धुवायला घरी न्यायला विसरू नका.