यी चिंगला प्रश्न विचारताय? आधी या चुका टाळा

यी चिंग (बरेच जण आय चिंग म्हणतात) हा चीनमधला जवळपास तीन हजार वर्षांचा जुना प्रश्नग्रंथ. त्यात ६४ आकृत्या आहेत, प्रत्येकीत सहा रेघा. अखंड रेघ यांग, मधे तुटलेली यिन. प्रश्न ठरवायचा, तीन नाणी सहा वेळा टाकायची, दर वेळी एक रेघ काढायची आणि जी आकृती तयार होईल तिचं वचन वाचायचं. इतकी सोपी रीत आहे. तरीही "उत्तर लागूच पडत नाही" म्हणणाऱ्याची वही मागून बघितली, तर बहुतेक वेळा घोटाळा वचनापर्यंत पोचायच्या आधीच झालेला असतो. बेरीज चुकलेली असते, नाहीतर रेघा उलट्या काढलेल्या असतात. आणि दोष मात्र ग्रंथाच्या गूढपणाला. अर्थाची चर्चा नंतर करू, आधी कागद तपासा.

रेघा वरून खाली काढणं

नवशिक्यांची ही सर्वांत लाडकी चूक. आपण कागदावर वरून खाली लिहितो, म्हणून पहिली रेघ वर काढली जाते आणि सहावी तळाशी. यी चिंगची आकृती खालून वर चढते. पहिल्यांदा नाणी टाकून आलेली रेघ सगळ्यात खाली, शेवटची सगळ्यात वर.

याने किती फरक पडतो ते बघा. समजा सहा वेळा नाणी टाकून क्रमाने ७, ७, ९, ८, ८, ८ आले (७ आणि ९ म्हणजे यांग, ८ म्हणजे यिन; ९ ही बदलती रेघ, म्हणजे ती उलटून पुढची आकृती तयार होते). खालून वर काढलं तर खाली तीन यांग, वर तीन यिन. खाली आकाश, वर पृथ्वी: ही ११वी आकृती, थाय, शांती आणि भरभराटीची. तिचं वचन सांगतं, लहान ते जातं, मोठं ते येतं. तिसरी रेघ बदलती असल्याने पुढची आकृती १९वी. आता हेच आकडे वरून खाली मांडा. पृथ्वी खाली जाते, आकाश वर, आणि हातात येते १२वी आकृती, फी, म्हणजे कोंडी. तिचं वचन: मोठं ते जातं, लहान ते येतं. बदलती रेघ तिसरीऐवजी चौथी होते आणि पुढची आकृती १९ऐवजी २०वी. नाणी तीच, प्रश्न तोच, उत्तर नेमकं उलटं. अशा उलट्या कागदाच्या भरवशावर कुणी सौदा मोडला, तर त्यात यी चिंगचा काय दोष?

ही चूक पकडायला मात्र सोपी आहे. ग्रंथातल्या आकृत्या जोडीजोडीने लावल्या आहेत आणि बहुतेक जोड्यांत दुसरी आकृती म्हणजे पहिलीच, उलटी धरलेली. त्यामुळे कागद उलटा झाला की शेजारचा क्रमांक मिळतो: ५च्या जागी ६, ४१च्या जागी ४२, ६३च्या जागी ६४. अपवाद आठ. १, २, २७, २८, २९, ३०, ६१ आणि ६२ या आकृत्या उलट्या केल्या तरी तशाच दिसतात. तिथे चूक लपून बसते, कारण आकृती बरोबर येते पण बदलती रेघ चुकते: पहिलीची सहावी, दुसरीची पाचवी, तिसरीची चौथी.

क्रमांक शेजारचा नसून भलतीकडचाच आला, तर आकृतीचा क्रमांक शोधायचं कोष्टक वाचताना खालची आणि वरची त्रिरेखा (तीन-तीन रेघांचे गट) यांची अदलाबदल झाली असणार. ३ऐवजी ४० मिळाली की हेच समजायचं.

माझा उपाय साधा आहे. नाणी हातात घेण्याआधीच कागदावर तळापासून वर १ ते ६ आकडे लिहून ठेवायचे आणि प्रत्येक आकड्यासमोर आधी बेरीज, मग रेघ. नुसती रेघ काढून मोकळं होणाऱ्यांना चूक नंतर शोधताच येत नाही.

दोन छापे म्हणजे यांग, असं समजणं

छापा ३, काटा २ धरला तर तीन नाण्यांची बेरीज ६, ७, ८ किंवा ९ येते. ७ आणि ९ विषम म्हणून यांग, ६ आणि ८ सम म्हणून यिन. ६ आणि ९ या बदलत्या रेघा.

इथे लोक बहुमत मोजतात. दोन छापे, एक काटा दिसला की "छापा जास्त, म्हणजे यांग". बेरीज करून बघा: ३ + ३ + २ = ८, म्हणजे यिन. दोन काटे आणि एक छापा म्हणजे ७, यांग. जे नाणं एकटं पडतं, तेच रेघ ठरवतं. बहुमताने चालणाऱ्याच्या फक्त तीन सारखी नाणी पडलेल्या रेघा बरोबर येतात, बाकी सगळ्या उलट्या. दर चार रेघांतल्या सरासरी तीन चुकतात, म्हणजे त्या आकृतीत वाचण्यासारखं काही उरतच नाही.

छापा कुठला, हाही एक वाद. जुन्या चिनी नाण्यांबद्दल रिचर्ड विल्हेल्म यांनी १९२४च्या जर्मन अनुवादात अक्षरांची बाजू २ आणि पाठची बाजू ३ धरली आहे. बरीच इंग्रजी पुस्तकं छाप्याला ३ देतात. रुपयाची नाणी वापरत असाल तर अशोकस्तंभाची बाजू ३, आकड्याची बाजू २ असं एकदाच ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आकृती पाहिल्यावर पद्धत बदलायची नाही. तिन्ही नाणी एकाच किमतीची घ्या. नाणं टेबलाखाली गेलं तर तेवढीच फेक पुन्हा, पण हा नियमसुद्धा आधीच ठरलेला हवा.

एकच नाणं सहा वेळा उडवून काम उरकणाऱ्यांसाठी एक ओळ: त्यात बदलती रेघ कधीच येत नाही, म्हणजे अर्धा ग्रंथ तुम्ही आधीच मिटून ठेवलात.

कौल लावल्यासारखं विचारणं

कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात तेव्हा उजवा की डावा असं उत्तर मिळतं. तीच सवय घेऊन लोक इथे येतात. "नोकरी सोडू की नको?" यावर आकृती परिस्थितीचं वर्णन देते आणि मग ते वर्णन सोडण्याचं की राहण्याचं, हे कळायला मार्ग नसतो. प्रश्न फोडा. "नोकरी सोडली तर पुढच्या सहा महिन्यांत काय चित्र आहे?" हा एक, "राहिलो तर?" हा दुसरा. दोन्हींसाठी वेगवेगळी नाणेफेक. प्रश्न तारखेसह, नाणी टाकण्याआधी लिहायचा. मनात धरलेला प्रश्न वचन वाचता वाचता सोयीने वळतो.

आवडेपर्यंत विचारत राहणं

यावर ग्रंथानेच सुनावलं आहे. ४थी आकृती मंग, अजाणपणाची. तिच्या वचनाचा मथितार्थ असा: पहिल्यांदा विचारलंस तर सांगतो, दोनतीनदा विचारलंस तर तो उपद्रव, उपद्रव करणाऱ्याला सांगत नाही. तरी ३९वी (अडथळा) आली की पाच मिनिटांनी पुन्हा नाणी खुळखुळतात. तीन उत्तरं जमली की त्यांतून निवडायला आपल्या आवडीखेरीज काही माप उरत नाही, आणि आवड कळायला नाणी लागत नाहीत. परिस्थितीत खरोखर काही बदललं (पत्र आलं, पैसे मिळाले, समोरच्याने शब्द फिरवला) तरच तो विषय पुन्हा काढावा. मोबाईलवरच्या ॲपमुळे हा रोग वाढला आहे, कारण बटण दाबायला श्रम पडत नाहीत.

शुभ शब्द दिसला की हुरळणं

अधीर माणसाने नान ख्वायची गोष्ट वाचावी. इसवी सनपूर्व ५३०, लू राज्य. नान ख्वाय हा बलाढ्य ची घराण्याचा कारभारी, एका नगराचा ताबा त्याच्याकडे. नव्या घरप्रमुखाने मान दिला नाही म्हणून त्याने बंडाचा घाट घातला आणि यी चिंगला विचारलं. आली २री आकृती ख्वुन, पाचवी रेघ बदलती. वचन: "पिवळं अधोवस्त्र, परम शुभ." गडी खूश. झफू ह्वेइबो नावाच्या जाणत्याला त्याने ते दाखवलं, बेत मात्र सांगितला नाही. त्याने उत्तर दिलं: काम निष्ठेचं असेल तर ठीक, नसेल तर नक्की फसेल, आणि धोक्याच्या उद्योगासाठी यी वापरू नये. पिवळा हा मध्याचा रंग आणि अधोवस्त्र खालच्या अंगाचं, म्हणजे हे शुभ आपली खालची जागा सांभाळणाऱ्यासाठी आहे. मालकावर उठणाऱ्याला ते कसं लागू व्हावं? बंड फसलं, नान ख्वाय छी नावाच्या शेजारच्या राज्यात पळून गेला. ही हकिगत त्सो च्वान या प्राचीन बखरीत आहे.

म्हणून "शुभ" दिसलं की मी आधी बघतो, कोणाला आणि कोणत्या अटीवर. ६३वी आकृती, "पार पडलं", नावावरून पेढे वाटण्यासारखी वाटते. तिच्याच वचनात आहे: सुरुवात शुभ, शेवट गोंधळाचा. आणि "मोठी नदी ओलांडणं हिताचं" हे वाचून व्हिसाच्या मागे लागू नका. ते ५, १३, १८, ४२ अशा कितीतरी आकृत्यांत येणारं ठरीव वाक्य आहे, अर्थ एवढाच की जोखमीचं मोठं काम हाती घ्यायला हरकत नाही.

बदलत्या रेघांचा गोंधळ

सहाही रेघांची वचनं वाचून त्यातलं गोड ते उचलणं ही निव्वळ फसवणूक. जी रेघ बदलती नाही तिचं वचन तुमच्यासाठी नाही. बाराव्या शतकातल्या झू शी या पंडिताने क्रम लावून दिला आहे, तो पुरेसा आहे. बदलती रेघ नसेल तर आकृतीचं मुख्य वचन. एक असेल तर त्या रेघेचं. दोन असतील तर दोन्हींची, वरचीला जास्त वजन. तीन असतील तर दोन्ही आकृत्यांची (मूळ पहिली, आणि रेघा बदलून झालेली दुसरी) मुख्य वचनं. चार असतील तर दुसऱ्या आकृतीतल्या न बदललेल्या दोन रेघा, खालचीला जास्त वजन. पाच असतील तर तिथली न बदललेली एकच. सहाही बदलल्या तर दुसऱ्या आकृतीचं मुख्य वचन. १ आणि २ या आकृत्यांना मात्र त्यासाठी स्वतंत्र जादा वचन दिलेलं आहे.

एकही बदलती रेघ आली नाही म्हणून नाणेफेक वाया गेली असं नाही. नाण्यांनी साधारण १८ टक्के वेळा तसं होतंच. उलट चार किंवा जास्त बदलत्या रेघा शंभरात चारेक वेळाच याव्यात. तुम्हाला दर वेळी येत असतील तर तुम्ही ७ आणि ८ यांनाही बदलत्या धरताय.

काड्यांनी करताना

नाण्यांऐवजी काड्या मोजूनही रेघा काढतात, पण घाई असणाऱ्यांनी काड्यांच्या वाटेला जाऊ नये. ५० काड्या लागतात (बांबूच्या किंवा खराट्याचे सारख्या लांबीचे हीर चालतात), त्यातली एक बाजूला, ४९ वापरात. प्रत्येक रेघेला तीन फेऱ्या, एकूण १८. दर फेरीत ढिगाचे दोन भाग, उजव्यातली एक काडी बोटांत धरायची, मग दोन्ही भाग चार-चारने मोजून उरलेल्या काड्या तिच्यासोबत. हमखास चूक इथे: भाग चारने नि:शेष गेला की लोक बाकी शून्य धरतात. बाकी चार धरायची.

तपासणी अशी. पहिल्या फेरीत बोटांत, धरलेल्या काडीसह, ५ किंवा ९ काड्या हव्यात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत ४ किंवा ८. वेगळा आकडा आला तर तेवढीच फेरी मोडून पुन्हा करा, पुढे रेटू नका. तिसऱ्या फेरीनंतर ढिगात २४, २८, ३२ किंवा ३६ उरतात. चारने भागलं की ६, ७, ८ किंवा ९. आणि नाण्यांवरून काड्यांवर आलात की बदलत्या यिन रेघा कमी झालेल्या दिसतील. त्यात बिघाड काही नाही: नाण्यांनी ६ येण्याची शक्यता १६त २, काड्यांनी १६त १, ९ची नाण्यांनी १६त २, काड्यांनी १६त ३.